पार्बता वहिनी आणि गवताचं मशीन

करडीत आमची धानाची शेती होती आणि ती एका बोडीच्या पाण्यावर होती. बोडी म्हणजे लहानसं तळं. ते भरलं तर वर्षभर भात, नाही भरलं तर पेज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोडी लागोपाठ काही वर्षं भरली नाही. रोवणीसाठी वाढवलेले धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, जागच्या जागी पिवळे पडले. माय ते उपटून म्हशीपुढे टाकत होती, तेव्हा तिच्याजवळ जायची आमची हिंमत झाली नाही. पुढे म्हैसही गेली. बाप मी लहान असतानाच वारला होता. घरात माय, मोठा भाऊ महादेव, त्याची बायको पार्बता, त्यांच्या दोन लहान पोरी आणि मी. मी मॅट्रिक झालो होतो. मॅट्रिक झालेल्या पोराचं पुढे काय करायचं असतं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

वरठी स्टेशनापासून काही मैलांवर तेव्हा एका कारखान्याची कॉलनी होती. नाव घेत नाही, आता ती तशी राहिलीही नाही. तिथे दादाला माळ्याचं काम लागलं आणि त्या जागेसोबत एक खोली मिळाली. एकच खोली, पण पक्की, आणि बाहेर नळ. आम्ही सगळे तिथे आलो. दादानं मला भंडाऱ्याच्या कॉलेजात घातलं. सायकलनं जायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी अजूनही छाती पुढे काढूनच सांगतो.

मग ते मशीन आलं. कॉलनीत क्लबसमोर मोठं गवताचं मैदान होतं, आतापर्यंत विळ्यानं कापायचे. मशीन पाहायला माणसं जमली. चार लहान चाकं, वर पेट्रोलचं इंजिन, मागे धरून चालायला लांब दांडा आणि खाली, कोणाला दिसणार नाही असं, गरगर फिरणारं पातं. दोरी ओढली की सुरू. बंद करायला प्लगजवळ एक पत्ती होती, ती दाबायची. दादा त्याच्यामागे चालायचा तेव्हा त्याची मान अशी ताठ असायची, जणू शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, त्याचीच जोडी पहिली आली आहे.

कारखान्यानं बूट दिले होते. दादानं ते कागदात गुंडाळून फळीवर ठेवले, लग्नाकार्याला होतील म्हणून. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, आणि खळ्यात जोडे घालून कोणी जात नाही. हिरव्यात जायचं ते अनवाणी. हे कोणाला शिकवावं लागत नाही, अंगात मुरलेलं असतं. आषाढात एकदा क्लबच्या मागच्या उतारावर, ओल्या गवतात, मशीन अडकलं. दादानं ते बंद न करता आपल्याकडे खेचलं. पाय घसरला, मशीन डाव्या पायावर आलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. यापेक्षा जास्त सांगत नाही.

कारखान्यानं वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. दवाखाना केला. दादाला नर्सरीत बसून रोपांच्या पिशव्या भरायचं काम दिलं. पण खोली होती ती मैदान सांभाळणाऱ्या माळ्याच्या जागेला, आणि ते काम आता मशीनचं होतं. बगीच्याचं खातं ज्यांच्याकडे होतं, त्यांना आम्ही बगीच्याचे साहेबच म्हणायचो, ते स्वतः घरी आले. मायच्या हातचा चहा प्यायले. म्हणाले, ‘‘महादेव, नागपूरचा ठेकेदार आपला माणूस आणतो म्हणतो. दिवाळीपर्यंत राहा. पुढे माझ्या हातात नाही.’’

साहेब गेले. खोली गेली की करडी. करडीत कोरडी बोडी. पोरींची शाळा गेली, माझं कॉलेज गेलं.

पार्बता वहिनी कपबशा विसळत होती. ती तशीच, पाठमोरी, म्हणाली, ‘‘त्या मशीनले बाई चालत नाई का जी?’’

आता या बाईबद्दल सांगतो.

पार्बता वहिनी ठेंगणी, सावळी, रुंद खांद्याची. चालायची ती पावलं दाबून, चिखलात चालल्यासारखी, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. विनय हा गुण तिच्यात अजिबात नव्हता. स्वतःच्या रोवणीची तारीफ ती स्वतःच करायची आणि तीही रोज. ‘‘माह्यासारखी रोवनी साऱ्या मोहाडी तालुक्यात कोनाची आहे सांगा!’’ असं ती भाजीवाल्यालासुद्धा विचारायची. भाजीवाला सिंध्याच्या दुकानात वाढलेला, त्याला रोवणी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, ‘‘किसीकी नहीं, भाभी.’’ मग ती त्याच्याकडूनच भाजी घ्यायची.

पण तारीफ खोटी नव्हती. रोवणीला बायका ओळीत वाकून उभ्या राहतात, धानाची रोपं चिखलात खोचत खोचत मागे सरकत जातात. तोंड लावलेल्या रोपांकडे आणि पाठ मोकळ्या बांधीकडे. वहिनीची ओळ सगळ्यांच्या आधी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागायची आणि सुतानं आखल्यासारखी सरळ असायची. मागे एकदाही न पाहता ती मागे चालायची. तिच्या पायांना मागचं दिसतं असं करडीत म्हणायचे.

तिची दुसरी सवय म्हणजे ती वस्तूंशी बोलायची. चुलीशी, सायकलीशी, नळाशी. नळाला पाणी आलं नाही की, ‘‘का रे बाबू, आज रुसला का?’’ आणि कोणी काही अडचण सांगितली की तिचा ठरलेला प्रश्न, ‘‘मंग का झालं?’’ मी एकदा परीक्षेत एका विषयात गेलो. दोन दिवस जेवलो नाही. ती ताट घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘मंग का झालं? धान एका पावसानं होते का?’’ तिनं ताट ठेवलं आणि गेली. समजूत घालणं वगैरे तिला येत नव्हतं.

तर तिच्या त्या प्रश्नावर दादा उसळला. ‘‘त्या मशीनचं नाव घरात काढू नोको.’’

‘‘बरं. मंग करडीले जाऊ. बोडीलेच विचारू, औंदा भरतेस का मनून.’’

‘‘पार्बता, माहा पाय दिसत नाई का तुले?’’

‘‘दिसते ना जी. रोज मीच धुतो तो.’’ आमच्याकडच्या बायका ‘धुतो’ असंच म्हणतात. ‘‘म्हून तं तुमालेच विचारून राहिलो. तुमचं का चुकलं ते तुमच्याहून जास्त कोनाले ठाव आहे?’’

दादानं बांधलेला पाय जवळ ओढून घेतला. त्यात होकार होता की राग, हे मला कळलं नाही. तिला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या ऑफिसात गेली. मी सोबत गेलो, मला वाटलं आपल्याला बोलावं लागेल. लागलं नाही.

साहेब म्हणाले, ‘‘अहो बाई, हे बाईमाणसाचं काम नाही. पुन्हा काही झालं तर जबाब मला द्यावा लागतो.’’

‘‘बाईले का बोटं जास्त असतात का साहेब? जेवढी तुमाले तेवढीच मले. तुमी जपता, मी बी जपन.’’

साहेब हसले. मग गंभीर झाले आणि त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. म्हणाले, ‘‘शिका. दसऱ्याला क्लबचा कार्यक्रम आहे, त्याच्या आधी मी स्वतः पाहीन. पटलं तर पुढे बोलू, नाही पटलं तर नाही. पण महादेव समोर बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.’’

खरी लढाई पुढे घरात झाली. मायनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आमच्याकडे बाई नांगराला हात लावत नाही. लावला तर पाऊस येत नाही म्हणतात. दांडा धरून, पुढे काहीतरी ठेवून, त्याच्यामागे जमिनीवरून चालायचं हे पुरुषाचं काम. बाईनं वाकायचं, रोवायचं, निंदायचं, कापायचं.

‘‘का वो पार्बता,’’ माय म्हणाली, ‘‘आधीच बोडीत पानी नाई, आन तू नांगर धरतेस?’’

‘‘माय, नांगर माती फोडते. हे मशीन मातीले शिवत बी नाई. वरचे वर केस कापते. हजाम आहे हजाम! हजामाच्या मागं चालल्यानं पाऊस जाते का?’’

माय हसू दाबायला उठून बाहेर गेली. पण तिनं परवानगी दिली नाही ती नाहीच. वहिनी मशीन शिकत होती तितके दिवस माय तिकडे फिरकली नाही.

शिकवणी नर्सरीमागच्या मोकळ्या जागेत चालायची. दादा उलट्या घमेल्यावर बसायचा, बांधलेला पाय पुढे, हातात काठी. पहिले कितीतरी दिवस त्यानं इंजिन सुरूच करू दिलं नाही. नुसतं ढकलायला लावलं. त्याआधी बूट. फळीवरचे तेच बूट काढले. ते वहिनीला मोठे होत होते, तिनं टाचेत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. लुगड्याचा काष्टा गच्च, पदर कमरेला दोन वेढे देऊन खोचलेला. लोंबतं काही नको. बूट घालून गवतावर पहिलं पाऊल टाकताना ती थबकली. वाकून गवताला हात लावला, हात कपाळाला लावला आणि मगच चालली. रोज तसंच. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही.

दादा बोलायचा ते आपल्याच जखमेतून बोलायचा. ‘‘पत्ती दाबली मनून पातं थांबत नाई. मशीन मरते, पातं जितं राहते. ते थांबेपर्यंत उभी राह्य. मंग प्लगची टोपी काढ, मनजे मशीन आपोआप सुरू होत नाई. टोपी काढल्याबिगर खालतं हात घालशीन तं मी अथून उठून जाईन.’’

‘‘उठून जाऊन दाखवा आधी,’’ वहिनी म्हणायची. दादाला तेव्हा धड उभंही राहता येत नव्हतं. तो काठी उगारायचा, दोघं हसायचे. त्या अपघातानंतर दादा हसला तो पहिल्यांदा तिथे.

पण एक गोष्ट होईना. ओळ संपली की वळायचं. वळताना जागा कमी पडली की वहिनी दांडा धरून सरळ मागे चालायला लागायची. मशीन आपल्याकडे ओढत, पाय मागे टाकत, न पाहता, झपाझप. रोवणीत आयुष्य गेलेले पाय ते, त्यांना मागे जाणं हेच चालणं वाटायचं. आणि मशीन आपल्याकडे ओढणं म्हणजे तर पातं आपल्या पायांवर बोलावणं. दादाचं तेच झालं होतं. तो काठी जमिनीवर आपटायचा, ‘‘मागं नाई! पार्बता, मागं नाई!’’

‘‘मी कुठी गेलो मागं?’’

‘‘हे पाय कोनाचे आहेत मंग?’’

ती खाली पाहायची आणि खरंच चकित व्हायची. तिला माहीतच नसायचं की ती मागे चालली आहे. एक दिवस दादा इतका घाबरला की त्यानं काठी फेकून दिली. ‘‘नाई जमत. राहू दे. करडीले जाऊ.’’ नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं.

वहिनी मशीनशेजारी मांडी घालून बसली. बूट काढले. मग म्हणाली, ‘‘का जी, नांगर तुमी कधी मागं ओढला का?’’

‘‘बैल मागं चालतात का?’’

‘‘मंग धुऱ्याशी आले की का करता?’’

‘‘गोल फिरतो. बांधीच्या कडंकडंनं. बाहेरून आत, बाहेरून आत.’’

‘‘मंग झालं ना! मी बी तशीच फिरन.’’

बघा, ती बाई, जिनं जन्मात नांगराला हात लावला नव्हता, तिनं नवऱ्याच्या नांगरटीची चाल उचलली. मैदानाच्या कडेनं सुरू करायचं, कोपऱ्यात कोन न करता वळसा घ्यायचा, आणि फेऱ्या लहान करत करत मध्यावर यायचं. मागे जायची वेळच येऊ द्यायची नाही. वाटेत झाड आलं तर झाडालाही वळसा. उतारावर वर-खाली न जाता धुरा चालावा तसं आडवं जायचं. त्या संध्याकाळी ती इंजिन बंद ठेवून नर्सरीमागे गोल गोल फिरत राहिली. दादा घमेल्यावर बसून तिच्यासोबत मान फिरवत होता. ‘‘डाव्या बैलाले दाब!’’ तो मधूनच ओरडला. बैल कुठेच नव्हता. ती म्हणाली, ‘‘दाबला जी!’’

दसऱ्याआधी साहेब पाहायला आले. सकाळची वेळ. सोबत ठेकेदाराचा माणूस होता, नागपूरचा, तुकतुकीत बुटांचा. क्लबच्या ओट्यावर चार-दोन बायका आणि कॉलनीतली पोट्टी. महिनाभर न कापलेलं गवत घोट्याच्या वर गेलेलं.

साहेब म्हणाले, ‘‘करा सुरू.’’

वहिनीनं वाकून गवतावर तळहात फिरवला आणि तो सगळ्यांना दिसेल असा लुगड्याला पुसला. ‘‘नाई साहेब. दव आहे. ऊन चढू द्या.’’

ठेकेदाराचा माणूस हसला. ‘‘साब, ऐसे तो हो गया काम. लाओ, मैं दिखाता हूँ.’’

आज नाही म्हणायची वेळ होती का ही? साहेब उलट पावली गेले असते तर खोली तिथल्या तिथे गेली असती. मी दादाकडे पाहिलं. तो काठीवर भार देऊन उभा होता. पण तो म्हणाला तेवढं स्पष्ट म्हणाला, ‘‘साहेब, माहा पाय ओल्यातच गेला.’’

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दादाच्या पायाकडे पाहिलं. ‘‘जेवणाआधी येतो,’’ एवढं बोलून गेले.

तोवर वहिनी बसून राहिली नाही. टोपली घेऊन अख्खं मैदान पायाखाली घातलं. दगड, तारेचा तुकडा, सोड्याच्या बाटलीची काच, कोणाच्या तरी कुत्र्यानं आणून टाकलेलं हाडूक, सगळं वेचलं. मग चुन्याचं पोतं आणून मैदानाबाहेर लांबलचक रेघ ओढली आणि पोट्ट्यांना बजावलं, ‘‘हे कबड्डीची लाइन आहे. आत आला तो बाद. बाद मनजे बाद, मंग रडाचं नाई.’’

ऊन चढलं, साहेब आले. वहिनीनं त्यांनाही रेघेच्या मागे जायला सांगितलं. ते गेले. तिनं मशीन चाकांवर एक खाच उंच बसवलं, उंच गवत आधी वरून कापायचं म्हणून. दोरी ओढली. दोनदा इंजिन नुसतंच खोकललं. ‘‘का रे बाबू,’’ ती म्हणाली, ‘‘आज नोको रुसू.’’ तिसऱ्यांदा सुरू झालं.

ती फिरू लागली. कडेनं, वळसे घेत, गवत बाहेर फेकणारं तोंड माणसांपासून दूर ठेवून. पावलं तीच दाबलेली, चिखलातली, पण पुढे. अर्ध्यावर मशीन गुरगुरलं, गवत तोंडात अडकलं. ती थांबली, पत्ती दाबली. आणि उभी राहिली.

‘‘हाथ डाल के निकालो ना, बाई!’’ ठेकेदाराचा माणूस ओरडला. ‘‘इतने में मैं दो मैदान काट देता.’’

‘‘तुमचा हात द्या भाऊ, घालून पाहतो,’’ वहिनी म्हणाली. ओट्यावरच्या बायका खळखळून हसल्या. पातं थांबल्याचं कान देऊन ऐकलं, प्लगची टोपी काढली, मशीन कलतं केलं आणि काठीनं गवत मोकळं केलं. टोपी लावली. पुन्हा दोरी.

मैदानाच्या मध्यावर शेवटचा एवढासा हिरवा तुकडा उरला, तोही गेला, तेव्हा दादा तिथेच गवतावर बसला.

साहेब आले, कापलेल्या मैदानावर चालून पाहिलं. म्हणाले, ‘‘एकदाही मागे घेतलं नाहीत. का?’’

‘‘मागं चालाले मले चिखल लागते साहेब. इथं कुठी आहे? रोवनी पाहाची असन तं करडीले या. माह्यासारखी रोवनी साऱ्या तालुक्यात...’’

‘‘येतो, येतो,’’ साहेब म्हणाले. आणि दादाकडे वळून, ‘‘खोली राहू दे. बाई सध्या रोजीवर. एक वर्ष पाहतो. कोणाला ओरखडा जरी आला, तर मी शब्द परत घेईन.’’

त्या दिवशी घरी मायनं भात जास्त शिजवला.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. बोडी काठोकाठ भरल्याचा निरोप करडीहून आला. वहिनीनं मायला विचारलं, ‘‘मंग माय, हजामानं का केलं?’’ माय म्हणाली, ‘‘गप बस वो.’’ पण त्या पोळ्याला मायनंच मशीनला हळदकुंकू लावलं, दांड्याला झेंडूची माळ बांधली. वहिनीनं त्याआधी प्लगची टोपी काढून आपल्या मुठीत धरली होती. ‘‘बैल असो का मशीन, पूजेच्या वेळेस दोरी बांधूनच ठेवा लागते,’’ ती म्हणाली.

वर्षं गेली. एक वर्ष म्हणालेले साहेब बदलून गेले, दुसरे आले, रोजी तशीच चालू राहिली. मी बी.ए. झालो. निकालाच्या दिवशी दादानं पेढे वाटले आणि वहिनीनं शेजारणीला सांगितलं, ‘‘आमचे भाऊजी बीए झाले, माह्याच हातचं खाऊन.’’ तेही खोटं नव्हतं. मला कोंढ्याच्या शाळेत नोकरी लागली. मी तिकडे राहायला गेलो, सुटीला येत राहिलो. येईन तेव्हा कॉलनीतली पोरं चुन्याच्या रेघेबाहेर उकिडवी बसलेली आणि वहिनी आत फिरताना दिसायची.

तिचा राग मी एकदाच पाहिला. नवीन लागलेला एक माळी गरम इंजिनात पेट्रोल ओतायला निघाला, ओठात पेटलेली बिडी. वहिनीनं आधी बिडी ओढून घेतली, मग डबा. आणि त्याला हाताला धरून नर्सरीत नेलं, दादासमोर उभं केलं. म्हणाली, ‘‘ह्यायले जोडा काढून पाय दाखवा जी.’’ दादा दरवेळी दाखवायचा. सुरुवातीला लाजायचा, नंतर नाही. नवीन माणूस आला की त्याची पहिली शिकवणी तीच. दादा जोडा काढायचा, आणि वहिनी म्हणायची, ‘‘पायलं? आता बूट घाल, इंजिन थंड होऊ दे, आन पेट्रोल उघड्यावर भर.’’ त्या माळ्यानं पुढे बिडी सोडली नाही, पण मशीनजवळ कधी काढली नाही.

ती कोणाचंही ऐकून घ्यायची नाही असंही नव्हतं. तिच्या मोठ्या मुलीनं तिला एकदा सांगितलं की काचेच्या बांगड्या मशीनच्या थरथरीनं फुटतात, मनगटाला लागतील. वहिनीला ते जड गेलं. सवाशीण बाई, हात मोकळे कसे ठेवायचे? आठ दिवस विचार केला. मग बाजारातून प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या आणल्या आणि मुलीला म्हणाली, ‘‘घे, तुहं बी राहिलं आन देवाचं बी.’’

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका सुटीत गेलो होतो. मैदानावर ती होती, आता थोडी वाकलेली. तिच्यासोबत दोन बायका, वरठीकडच्याच, नव्यानं लागलेल्या. एक दांडा धरून चालत होती आणि वहिनी तिच्या बाजूला, हातभर अंतर ठेवून, तिच्या पायांकडे नजर लावून चालत होती. मी रेघेबाहेरून हाक मारली. तिनं ऐकली असणार. वळून पाहिलं नाही. फेरी पुरी झाली, त्या बाईनं पत्ती दाबली, पातं थांबलं, टोपी निघाली. तेव्हा वहिनीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहून तोंडभर हसली.

‘‘कवा आले भाऊजी? जेवले का?’’

मग त्या बाईकडे वळून, ‘‘चांगलं केलं. माह्यासारखं नाई, पर चांगलं केलं.’’

मैदानावर काम करताना मी तिला पाहिलं ते तेवढं शेवटचं. पुढच्या वर्षी गुडघ्यांमुळे तिनं मशीन सोडलं.

तोवर तिला कायम केलं होतं. कारखान्यात मशीनवर कायम झालेली ती पहिली बाई. खोली आमची राहिली, दोन्ही पोरी त्याच खोलीत राहून शिकल्या आणि धाकटी नर्स झाली. पार्बता वहिनीनं ते मशीन चालवलं त्या सगळ्या वर्षांत त्या मैदानावर कोणाचंही बोट गेलं नाही.